पंडिता रमाबाई : दुष्काळातून मुक्तीकडे

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपल्या शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेत पंडिता रमाबाईंचे स्मरण करणे उचित वाटते. त्यांचा जन्मही मराठी मुलखाबाहेरचा. त्यांना विद्वत्तेची पदवी मिळाली ती कोलकात्यात, आणि संसार मांडला तो आसामात. परंतु त्यांचे स्मरण करण्याचे खरे कारण वेगळे आहे. आयुष्यात वारंवार आलेल्या दुःखाला या स्त्रीने जे उत्तर दिले, ते आजही विचार करायला लावणारे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित होते. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला होता. मातेने पहाटेच्या वेळी दिलेल्या पाठांतून रमाबाईंची विद्या घडली. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत गावोगाव फिरू लागले.

१८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य संपले, दागिने गेले, भांडीही विकली गेली. रानातील पाने व फळे खाऊन दिवस काढावे लागले. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण कृष्णाबाई हे जग सोडून गेले. आईच्या अंत्ययात्रेला चार खांदेकरीही मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे मदतीला आले आणि चौथ्या जागी स्वतः रमाबाई उभ्या राहिल्या. उंची कमी असल्यामुळे त्यांना तो भार डोक्यावर घ्यावा लागला. त्यानंतर भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई हजारो मैल पायी हिंडले. पंजाबात झेलमच्या काठी अंगावर पुरेसे पांघरूण नसल्याने वाळूत खड्डे करून त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या.

१८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. मात्र कीर्ती आली म्हणून दुःख थांबले नाही. १८८० मध्ये श्रीनिवास निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर विवाह केला. दोन वर्षे पुरी होण्याआधीच पटकीने त्यांचाही मृत्यू झाला. वयाच्या तेविसाव्या वर्षी, मांडीवर लहानगी मनोरमा असताना, रमाबाई विधवा झाल्या.

१८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांची गरज मांडली. पुढील वर्षी शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या संस्थेचे कार्य त्यांनी पाहिले. ज्या स्त्रियांना समाजाने पतित ठरवून दूर लोटले होते, त्यांची सेवा या भगिनी प्रेमाने करीत होत्या. अशा स्त्रियांनाही ईश्वर टाकत नाही, ही गोष्ट रमाबाईंच्या अंतःकरणाला भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही त्यांचा शोध संपला नव्हता. चर्चच्या अधिकाऱ्यांशीही त्यांनी मतभेदाचे प्रश्न निर्भीडपणे मांडले. धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त अजून गवसला नाही, ही जाणीव त्यांना पुढे कित्येक वर्षे होती.

अमेरिकेत मदत उभारून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादातील दोन्ही बाजू आज शांतपणे समजून घ्याव्यात. परंतु एकटी पडूनही रमाबाईंनी काम सोडले नाही, एवढे निश्चित.

आणि मग १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. उपासमारीने खंगलेल्या, फसवणुकीला बळी पडण्याच्या बेतात असलेल्या मुली त्यांनी पाहिल्या. त्या मुलींच्या डोळ्यांतील भूक त्यांना नवी नव्हती. वीस वर्षांपूर्वी ती त्यांनीच सोसली होती. पुण्याजवळ केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर त्यांनी सुमारे ३०० मुलींना आणले. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छपाई, शिक्षण अशी कामे मुली शिकल्या. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले, अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाऊ लागली.

इथे त्यांच्या जीवनाचा अर्थ उलगडतो. आईवडील का गेले, याचे उत्तर रमाबाईंना कधी मिळाले असेल असे वाटत नाही. दुष्काळ चांगला होता, असेही त्या मानत नव्हत्या. परंतु दुःख भोगणाऱ्यांत स्वतः उतरलेल्या आणि क्रूसावर यातना सोसलेल्या ख्रिस्तावर त्यांची श्रद्धा होती. आपली भूक दुसऱ्याच्या भुकेची ओळख पटवण्यासाठी वापरली जावी, हाच ईश्वरी हेतू त्यांना त्या श्रद्धेतून दिसला. दुःखाचे कारण शोधत बसण्यापेक्षा दुःखाचा उपयोग शोधणे त्यांनी पसंत केले.

अखेरचे दुःखही सोपे नव्हते. १९२१ मध्ये, कार्याचा भार वाहणारी एकुलती एक कन्या मनोरमा त्यांच्या आधी गेली. त्याही अवस्थेत रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत चालवलेले बायबलचे भाषांतर तडीस नेले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे देह ठेवला.

पालकहो, आपल्या मुलांच्या वाट्याला कोणतेही कष्ट येऊ नयेत, असे आपल्याला वाटते. ते स्वाभाविक आहे. परंतु कष्ट टाळण्याची हमी कोणतीही शाळा देऊ शकत नाही. सोसलेल्या कष्टांतून दुसऱ्याचे कष्ट ओळखणारी दृष्टी मात्र घडवता येते. माजी विद्यार्थ्यांनो, आपणापैकी अनेकांनी संकटे पाहिली असतील. त्याच वाटेने आज कोणी चालत असेल, तर त्याला हात देण्यास आपल्याइतके योग्य दुसरे कोण असणार? केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे. गंगामूळच्या त्या पोरक्या मुलीने भुकेला दिलेले ते उत्तर आहे.