पॉल बर्ट : विमानातल्या ऑक्सिजनमागचा माणूस

तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर सेन्सर असेल तर एक छोटा प्रयोग करून बघा. कोपर स्टेशनच्या खालच्या प्लॅटफॉर्मवर हवेचा दाब दाखवणारं अ‍ॅप उघडा आणि जिना चढून दिवा-वसई लाईनच्या वरच्या प्लॅटफॉर्मवर जा. आकडा किंचित उतरलेला दिसेल. साधारण ८ मीटर वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कलने कमी होतो. कळसूबाईच्या माथ्यावर, म्हणजे १,६४६ मीटरवर, तो समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १८ टक्के कमी असतो. ५,५०० मीटरवर तर जवळपास निम्माच उरतो.

दाब कमी झाला की शरीराचं नेमकं काय होतं, हे प्रयोगांनी सिद्ध केलं फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बर्ट यांनी. तेही विमानाचा शोध लागायच्या आधी!

कायद्याकडून प्रयोगशाळेकडे

बर्ट यांचा जन्म १८३३ साली फ्रान्समधल्या ओसेर गावात झाला. आधी ते कायदा शिकले, मग विज्ञानाकडे वळले. प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार्ड हे त्यांचे गुरू. १८६९ मध्ये बर्ट पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठात त्यांच्याच जागी प्राध्यापक झाले.

तिथे त्यांनी लोखंडी पत्र्याच्या मोठ्या बंद टाक्या बसवल्या. टाकीतली हवा पंपाने काढली की आत डोंगरमाथ्यासारखी विरळ हवा तयार व्हायची. प्राण्यांवर प्रयोग झाल्यावर ते स्वतःही आत बसले. त्यातून उत्तर मिळालं. उंचीवरही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण दाब कमी असल्यामुळे तो रक्तात पुरेसा उतरत नाही. वरून शुद्ध ऑक्सिजन दिला की त्रास थांबतो. ऑक्सिजनचा दाब फार वाढला तर तो विषासारखा काम करतो आणि झटके येतात, हेही त्यांनीच दाखवलं.

‘झेनिथ’ची दुर्घटना

क्रोसे-स्पिनेली आणि सिवेल हे दोन बलूनवीर १८७४ मध्ये बर्ट यांच्या टाकीत बसून ऑक्सिजन वापरायला शिकले. १५ एप्रिल १८७५ रोजी ते गास्तों तिसांदिए यांच्यासोबत ‘झेनिथ’ बलूनमधून पॅरिसहून वर निघाले. सोबत ऑक्सिजनमिश्रित हवेच्या तीन पिशव्या होत्या. बर्ट तेव्हा पॅरिसबाहेर होते. एवढा ऑक्सिजन पुरणार नाही, असं त्यांनी पत्राने कळवलं, पण पत्र उशिरा पोहोचलं.

साठा थोडा होता, म्हणून गरज वाटेल तेव्हाच वापरायचा असं तिघांनी ठरवलं. घात झाला तो इथेच. ८,००० मीटरच्या आसपास तिसांदिए यांना नळी तोंडाला लावायची होती, पण हातच उचलेना. त्रास असा काही जाणवत नव्हता, उलट बरंच वाटत होतं. मग शुद्ध हरपली. बलून खाली आलं तेव्हा तिघांपैकी एकटे तिसांदिए जिवंत होते.

कोविडच्या काळात आपण हेच पाहिलं. पेशंट नीट बोलत असायचा, आणि ऑक्सिमीटरवरचा आकडा मात्र घसरलेला असायचा.

मग विमानात काय करतात?

म्हणूनच पायलट त्रास व्हायची वाट बघत नाही, उंचीचा आकडा बघून मास्क लावतो. अमेरिकेच्या नियमानुसार केबिनची उंची १२,५०० फुटांवर गेली की पायलटला जास्तीत जास्त ३० मिनिटंच ऑक्सिजनशिवाय राहता येतं. १४,००० फुटांवर तर तो पूर्णवेळ लागतोच.

छोट्या विमानातला सिलिंडर भरण्याचं काम जमिनीवरच, प्रशिक्षित माणूस करतो. तो या गोष्टी पाळतो :

- तेल-ग्रीस अजिबात नको. हात, पाने, जोडण्या सगळं स्वच्छ हवं. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ग्रीसचा डागही पेट घेऊ शकतो.
- व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. एकदम उघडला तर वायू झटक्यात दाबला जाऊन तापतो, आणि आग लागू शकते.
- भरणंही सावकाश. भरताना सिलिंडर गरम होतो आणि दाब जास्त दिसतो. थंड झाल्यावर काटा खाली येतो, म्हणून खरा आकडा तेव्हाच बघायचा.
- ऑक्सिजन कोरडा हवा. ओलावा असेल तर उंचावरच्या थंडीत बर्फ होऊन नळी तुंबते.
- सिलिंडर पूर्ण रिकामा करायचा नाही. थोडा दाब शिल्लक ठेवला की बाहेरची दमट हवा आत शिरत नाही.
- सिलिंडरची दाब-चाचणी ठरलेल्या मुदतीत झालीय का, तेही तपासायचं.

पुढे काय झालं?

बर्ट यांनी १८७८ मध्ये आपलं सगळं संशोधन हजाराहून जास्त पानांच्या ग्रंथात छापलं. पुढे ते फ्रान्सचे शिक्षणमंत्री झाले. १८८६ मध्ये सरकारने त्यांना आजच्या व्हिएतनाममध्ये वसाहतीचा कारभार बघायला पाठवलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हनोईत त्यांचं निधन झालं. वय होतं ५३. दुसऱ्या महायुद्धात विमानं खूप उंच उडू लागली, तेव्हा त्यांच्या ग्रंथाची पुन्हा आठवण झाली आणि १९४३ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला.

लडाखला किंवा हिमालयात ट्रेकला जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा : ऑक्सिजन कमी पडला की तो कमी पडलाय हे ओळखणारा मेंदूच आधी मंदावतो. त्यामुळे तयारी खाली असतानाच करा, आणि सोबत्याचं बोलणं-चालणं विचित्र वाटलं तर तो ठीक आहे म्हणाला तरी त्याला खाली घेऊन या.