पंडिता रमाबाईंनी पाहिलेली अमेरिका

नगरहून आगगाडीने पुण्यास जाताना वाटेत केडगाव नावाचे स्टेशन लागते. आपल्या शहराला लागून असलेले केडगाव ते हे नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. दोन्हींची गल्लत पुष्कळांची होते. त्या दौंडकडच्या केडगावी पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. रमाबाईंचे नाव निघाले की लोकांना धर्मांतर आठवते आणि त्यावरून माजलेला वाद आठवतो. पण या बाई जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या आणि तेथील घरसंसार, शाळा, व्यापार, स्त्रियांच्या सभा यांवर त्यांनी मराठीत एक भरगच्च पुस्तक लिहिले, ही गोष्ट सहसा कोणी काढीत नाही.

अमेरिका हा शब्द आपल्या नगरला तेव्हाही नवा नव्हता. १८३१ पासून येथे अमेरिकन मिशन होते. सिंथिया फरारबाई येथे मुलींच्या शाळा चालवीत आणि सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे धडे त्यांच्याजवळ घेतले. म्हणजे तिकडच्या बायका येऊन आपली घरे पाहत आणि आपल्याविषयी स्वदेशी लिहून पाठवीत. इकडच्या बाईने तिकडे जाऊन त्यांची घरे पाहावी आणि आपणांस आपल्या भाषेत सांगावे, हा उलटा प्रकार रमाबाईंनी केला.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. रमाबाईंनाही ती विद्या आईकडून मिळाली. सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी हिंडे. दुष्काळात आईवडील गेले. पुढे भावाबरोबर त्या कलकत्त्यास पोहोचल्या आणि तेथील विद्वानांनी १८७८ साली त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी १८८० साली विवाह झाला आणि दोनच वर्षांत वैधव्य आले. कडेवर मनोरमा. पुण्यास येऊन त्यांनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढला, पुढच्या वर्षी विलायतेस गेल्या आणि तेथे ख्रिस्ती झाल्या.

अमेरिकेस त्या गेल्या त्या एका समारंभासाठी. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर होणार होत्या. ऐन हिवाळ्यात लहानग्या मनोरमेला घेऊन त्यांनी अटलांटिक ओलांडला आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीदानास हजर राहिल्या. समारंभ आटोपून परतायचे, तर तिकडेच गुंतल्या. वर्ष भरण्याच्या आतच आनंदीबाई पुण्यात वारल्या. रमाबाई मात्र तिकडे बालोद्यानाची शिक्षणपद्धती शिकत होत्या, गावोगाव व्याख्याने देत होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर त्यांनी १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक काढले आणि त्याच्या विक्रीतून कामासाठी पैसा उभा केला.

एवढे सारे करताना पाहण्याचे काम चालूच होते. परदेशी गेलेला मनुष्य बहुधा दोहोंपैकी एक करतो: भारावून जातो, नाहीतर नाके मुरडतो. रमाबाईंनी दोन्ही टाळले. कष्टाच्या कामाची लाज न बाळगणारे लोक, मुलींना खुली असलेली महाविद्यालये, गावोगावची ग्रंथालये यांचे त्यांनी मनापासून कौतुक केले. पण त्याच लेखणीने गुलामगिरी कायद्याने गेली तरी काळ्या लोकांविषयीचा तिटकारा गेला नाही, हेही लिहिले. मूळच्या रहिवाशांच्या जमिनी कशा गेल्या, तेही लिहिले. बायकांची टोपी सजविण्यासाठी पक्षी मारावेत, हे या आजन्म शाकाहारी बाईला कसे रुचावे? ज्यांच्या अन्नाला जागायचे, ज्यांच्याकडे मदतीचा हात पसरायचा, त्यांचे दोष छापून काढायला धैर्य लागते. पुस्तक मराठीत असल्याने ते यजमानांच्या वाचनात येणार नव्हते, असे कोणी म्हणेल. तरी त्या काळी इतक्या समतोल बुद्धीने परक्यांचे परीक्षण करणारी लेखणी आपल्याकडे विरळाच, असे मला वाटते.

सर्वांत रमून त्यांनी लिहिले आहे ते तेथील स्त्रियांच्या मंडळांविषयी. देशाच्या बहुतेक भागांत त्या स्त्रियांना मतदानाचा हक्क नव्हता. तरी त्या एकत्र जमत, वर्गणी गोळा करीत, सभा चालवीत, दारूबंदीसाठी झगडत. दारूबंदीच्या चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलार्ड यांच्याशी रमाबाईंची मैत्री जुळली. अमेरिकन बायका मुळातच शहाण्या म्हणून हे साधले असे नव्हे, त्या एकत्र आल्या म्हणून साधले, हे त्यांनी नेमके हेरले. आपल्या मंडळाच्या हिशेबाच्या वहीवर मान मोडणाऱ्या भगिनींना हे वेगळे सांगावयास नको.

डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. बालविधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे तिने पत्करले. रमाबाई जपानमार्गे परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली. त्याच वर्षी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती सांगणारे ते पुस्तकही निघाले.

पुढे सदन पुण्यास गेले. मुलींना ख्रिस्ती करतात, अशी ओरड १८९३ साली झाली आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. ज्या सुधारकांनी आरंभी पाठीवर हात ठेवला होता, तेही दूर झाले. त्यांचा रोष अगदीच अस्थानी होता असे म्हणवत नाही. मुलींचा आधार तुटला हेही तितकेच खरे. दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि पुढे गुजरातेतून शेकडो अनाथ मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर वसविल्या. तेथे शेती, विणकाम आणि छापखानाही होता. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे तेथील मुलींनीच जुळविले. मनोरमा १९२१ मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. भाषांतराचे काम तोवर त्यांनी पुरे केले होते.