अल्सामिक्सरमधला ‘पीसीएम’ आणि ॲलेक रीव्हज

लिनक्स टाकलं, वायफाय लागलं, पण आवाज नाही! डोंबिवलीत आमच्या ग्रुपमधलं कोणी जुना लॅपटॉप लिनक्सवर चालवायला घेतं, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. आधी हे करून बघा. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर सुरू करा, एफ६ दाबून खरं साउंड कार्ड निवडा (कधीकधी एचडीएमआयचं निवडलेलं असतं). मास्टर किंवा स्पीकरखाली ‘एमएम’ दिसलं तर ते म्यूट आहे, एम दाबा. आणि ‘पीसीएम’ची पट्टी शून्यावर असेल तर वर न्या.

हे पीसीएम म्हणजे पल्स कोड मॉड्युलेशन. आवाजाचं सेकंदाला हजारो वेळा माप घ्यायचं आणि प्रत्येक माप आकड्यात लिहायचं. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मापं घेतात. साउंड कार्ड त्या आकड्यांचा परत आवाज करतं. तुमच्या फोनमध्येही हेच चालतं. ही युक्ती १९३७ मध्ये सुचली ॲलेक रीव्हज यांना.

रीव्हज १९०२ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मले, लंडनला इंजिनिअरिंग शिकले आणि पुढे पॅरिसच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करू लागले. तिथली अडचण अशी की लांबच्या कॉलमध्ये वाटेतला प्रत्येक ॲम्प्लिफायर आवाजासोबत खरखरही वाढवायचा. कल्याण स्टेशन आठवा. गर्दीत अनाउन्समेंटचे शब्द कळत नाहीत, पण इंडिकेटरवरच्या आकड्यातले दोन-चार दिवे गेले असले तरी गाडीची वेळ बरोबर वाचता येते. आवाजाऐवजी आकडे पाठवले तर खरखर मधेच गाळून टाकता येते, हे रीव्हज यांनी ओळखलं. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये पेटंट झालं. पण सर्किटला इतके व्हॉल्व्ह लागायचे की खर्च परवडेना. ट्रान्झिस्टर यायला अजून दहा वर्षं होती.

१९४० मध्ये जर्मन सैन्य आलं आणि त्यांना पॅरिस सोडून इंग्लंडला पळावं लागलं. मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग इथून पुढचा. हल्ल्याची शस्त्रं बनवणं त्यांना मनातून नको होतं. तरी नेम अचूक असेल तर निरपराध माणसं कमी मरतील, या विचारानं त्यांनी सहकाऱ्यांसोबत ‘ओबो’ ही रेडिओ यंत्रणा बनवली. विमान ठरलेल्या वाटेवर असेपर्यंत पायलटला सलग सूर ऐकू यायचा, वाट चुकली की त्याचे टिंब किंवा रेघा व्हायच्या. यंत्रणा खरंच अचूक निघाली. पण मार्च १९४३ मध्ये एसेन शहरावर ओबोच्या विमानांनी फक्त खुणेचे बॉम्ब टाकले आणि मागून आलेल्या शेकडो विमानांनी शहर जाळलं. इंजिनिअरचा हिशोब बरोबर होता, वापर त्याच्या हातात नव्हता.

पीसीएमवर नेहमीचे कॉल चालू झाले ते अमेरिकेत, १९६२ मध्ये. तोवर पेटंटची मुदत संपली होती. रीव्हज यांचा डोळा मात्र पुढच्या गोष्टीवर होता: प्रकाशातून आकडे पाठवायचे. ते ज्या प्रयोगशाळेत होते, तिथल्याच चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये काचेच्या तंतूतून हे जमेल असं दाखवलं. तुमच्या बिल्डिंगमध्ये फायबर आलं असेल तर ते त्यातूनच.

१९६९ मध्ये ब्रिटिश पोस्टानं पीसीएमचं तिकीट काढलं. दोन वर्षांनी रीव्हज गेले. सीडी बाजारात आली १९८२ मध्ये.