बॅरिस्टर वानखेडे आणि आसनांचा वाद

मुंबईत चर्चगेट स्थानकाबाहेर पडणाऱ्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांच्या पायपिटीत क्रिकेटची दोन भव्य स्टेडियमे पाहावयास मिळतात. ब्रेबोर्न स्टेडियम १९३७ साली उभे राहिले, वानखेडे स्टेडियमवर पहिला कसोटी सामना १९७५ साली झाला. दोहोंमधील अंतर एक किलोमीटरही नाही. ज्या शहरात राहत्या खोलीसाठी माणसे आयुष्यभराची पुंजी ओततात, तेथे एकाच खेळासाठी जवळजवळ शेजारी शेजारी दोन प्रेक्षागारे असावीत, ही गोष्ट कोणाही हिशेबी माणसाला कोड्यात टाकणारी आहे. या कोड्याचे उत्तर बॅरिस्टर शेषराव कृष्णराव वानखेडे यांच्या चरित्रात सापडते.

वानखेडे यांचा जन्म २४ सप्टेंबर १९१४ रोजी झाला. ते विदर्भातले, नागपूरच्या राजकारणातून पुढे आलेले. त्यांच्या तरुणपणी नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. या स्थित्यंतराबरोबर विदर्भातील जे पुढारी मुंबईत स्थिरावले, त्यांत वानखेडे हे एक प्रमुख नाव होते. वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी अर्थखाते सांभाळले. पुढे १९७२ ते १९७७ या काळात ते महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. विधिमंडळाची शिस्त, खजिन्याचे व्यवहार आणि कायद्याची कलमे यांत मुरलेला हा माणूस मुंबई क्रिकेट असोसिएशनचाही अध्यक्ष होता, आणि आज त्याचे नाव सर्वतोमुखी आहे ते या दुसऱ्या नात्यामुळे. राजकारणातील पदे काळाबरोबर विसरली जातात. सिमेंटवर कोरलेले नाव तेवढे टिकते.

वानखेडे यांच्या हाती असोसिएशन आली तेव्हा तिच्यापाशी स्वतःचे कसोटी मैदान नव्हते. मुंबईतील कसोटी सामने ब्रेबोर्नवर होत, आणि ब्रेबोर्नची मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडिया या सभासदांच्या क्लबकडे होती. अँथनी डी मेलो यांच्या पुढाकाराने या क्लबने बॅकबे येथे समुद्र हटवून काढलेल्या भूमीपैकी ९०,००० चौरस वार जागा साडेतेरा रुपये वार या दराने मिळविली होती. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांचे नाव स्टेडियमला देण्यात आले. त्या काळाच्या मानाने हे प्रेक्षागार देखणे होते, सोयीचे होते, रेल्वे स्थानकापासून हाकेच्या अंतरावर होते. त्याच्या बांधणीत दोष काढण्यास फारशी जागा नव्हती. भांडण होते ते त्यातील आसनांवरून.

हे भांडण स्टेडियमइतकेच जुने होते. १९३७ साली पंचरंगी सामने प्रथमच या नव्या मैदानावर व्हावयाचे होते, तेव्हा आसनांच्या वाटपावरून तंटा होऊन हिंदू संघाने त्या वर्षीच्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. पुढे खेळ बदलत गेला, पंचरंगी सामने बंद पडले, १९४८ पासून ब्रेबोर्नवर कसोटी सामने होऊ लागले. परंतु मूळ प्रश्न तसाच राहिला. सामना भरविण्याची खटपट असोसिएशनने करावयाची, तिच्याशी संलग्न असलेल्या शेकडो लहानमोठ्या क्लबांनी खेळाडू घडवावयाचे आणि उत्तम आसने मात्र मैदानाच्या मालकाने आपल्या सभासदांसाठी राखावयाची, ही व्यवस्था असोसिएशनला जाचू लागली. मैदान-मालकाची बाजूही अगदीच लंगडी नव्हती. क्लबने आपल्या सभासदांच्या पैशाने वास्तू उभारली होती, ती वर्षभर राखण्याचा खर्च तोच सोशीत होता, आणि सभासदांना दिलेला शब्द मोडणे त्याला शक्य नव्हते.

१९७० नंतरच्या वर्षांत हा वाद टोकाला गेला तेव्हा क्लबच्या अध्यक्षपदी विजय मर्चंट होते. मर्चंट हे मोठे फलंदाज, यशस्वी उद्योगपती आणि स्वतःच्या मताचे पक्के गृहस्थ. १९७१ साली निवड समितीचे प्रमुख म्हणून त्यांनी आपले निर्णायक मत पतौडींऐवजी अजित वाडेकर यांच्या पारड्यात टाकले होते. समोर वानखेडेही तितकेच करारी. १९७३ साली आमदारांच्या एका सामन्यासाठी मैदान मागण्यास वानखेडे गेले, मर्चंट यांनी नकार दिला आणि तेथेच वानखेडे यांनी नव्या स्टेडियमचा निश्चय बोलून दाखविला, अशी हकीकत क्रिकेटवर्तुळात अनेक वर्षे सांगितली जाते. ती शब्दशः खरी मानली, तरी एका भेटीतून स्टेडियम जन्माला येत नाही. त्या नकाराच्या मागे साडेतीन दशकांचा आसनांचा तंटा साचलेला होता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या निर्णयाचा विचार केला म्हणजे त्यातील पेच लक्षात येतो. ब्रेबोर्नवर झालेला खर्च केव्हाच होऊन गेलेला होता. अशा वेळी समाजाने तुलना करावयाची ती जुन्या वास्तूची डागडुजी व विस्तार यांना लागणाऱ्या जादा खर्चाची आणि नव्या वास्तूच्या संपूर्ण खर्चाची. या कसोटीवर जुने मैदान सुधारून घेणे सहज स्वस्त पडले असते. परंतु असोसिएशनचा हिशेब वेगळा होता. ब्रेबोर्नवर खर्चिलेल्या प्रत्येक रुपयाने दुसऱ्याची मालमत्ता वाढणार होती, आणि परक्या घरावर कोणी स्वखर्चाने मजला चढवीत नाही. दोघांना मान्य होईल असा करार झाला असता तर शहराचा एका स्टेडियमएवढा खर्च वाचला असता. तो झाला नाही. आणि न झालेल्या कराराची किंमत दगड, लोखंड आणि सिमेंटच्या रूपाने मोजावी लागली.

काळही बिकट होता. १९७२-७३ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळून निघाला होता आणि लक्षावधी शेतमजूर दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते. पाठोपाठ खनिज तेलाचे भाव भडकले आणि देशातील घाऊक किमती वर्षाला वीस टक्क्यांहून अधिक वेगाने चढल्या. सिमेंट नियंत्रणाखाली होते. मे १९७४ मध्ये रेल्वेचा देशव्यापी संप झाला. अशा दिवसांत विधानसभेच्या अध्यक्षाने खेळाच्या प्रेक्षागारासाठी आपले वजन खर्च करावे काय, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे. वानखेडे यांच्या राजकीय स्थानाचा उपयोग या कामी झाला नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. सरकारी मालकीची, भाडेपट्ट्याची जागा चर्चगेटच्या उत्तरेस, रेल्वेमार्गाला खेटून मिळाली. मात्र स्टेडियम हे एका व्यक्तीची वा घराण्याची मालमत्ता झाले नाही, ते असोसिएशनचे झाले, हेही त्याच प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार सुमारे तेरा महिन्यांत बांधकाम खेळण्याजोगे झाले. टंचाईच्या त्या काळात हा वेग विस्मयकारक होता. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेतील पाचवी कसोटी येथे झाली. मालिका दोन-दोन अशी बरोबरीत होती. क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा काढल्या आणि वेस्ट इंडिजने सामना व मालिका दोन्ही जिंकली. मन्सूर अली खान पतौडी यांचा तो शेवटचा कसोटी सामना ठरला. लॉइड यांचे अभिनंदन करण्यास मैदानात धावलेल्या एका तरुणाला पोलिसांनी मारहाण केली, तेव्हा प्रेक्षक खवळले आणि खेळ थांबवावा लागला. नव्या स्टेडियमच्या पहिल्याच परीक्षेत हे दिसून आले की, भिंती नव्या असल्या तरी सामान्य प्रेक्षकाला वागविण्याची रीत जुनीच आहे.

यानंतर वानखेडे यांची क्रिकेटमधील प्रतिष्ठा वाढतच गेली. १९८० ते १९८२ या काळात ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. दक्षिण आफ्रिकेशी संबंध आलेल्या दोन इंग्लिश खेळाडूंच्या प्रश्नावरून इंग्लंडचा १९८१-८२ चा दौरा धोक्यात आला होता. तो अखेर पार पडला, आणि त्यातील पहिली कसोटी त्यांच्याच स्टेडियमवर भारताने जिंकली. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी विजय मर्चंट निवर्तले. ३० जानेवारी १९८८ रोजी वानखेडे यांचेही निधन झाले. दोन प्रतिस्पर्धी जेमतेम तीन महिन्यांच्या अंतराने काळाच्या पडद्याआड गेले.

त्यांच्या मागे त्यांच्या वादाचा हिशेब पुरा होत राहिला. ब्रेबोर्नवर १९७३ नंतर छत्तीस वर्षे कसोटी सामना झाला नाही. २००९ साली श्रीलंकेविरुद्धचा सामना तेथे झाला, कारण २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडे स्टेडियमची पुनर्बांधणी चालू होती. १९३७ सालची वास्तू शाबूत होती, म्हणूनच १९७५ सालच्या वास्तूची दुरुस्ती चालू असताना शहराचे क्रिकेट अडले नाही. पाडलेली वास्तू असा उपकार करू शकत नाही. विशेष म्हणजे पुनर्बांधणीचा आराखडा करणाऱ्यांत शशी प्रभूच होते, आणि या वेळी असोसिएशनने गाव न सोडता आपले जुने घरच दुरुस्त करून घेतले. स्वतःचे घर दुरुस्त करणे परवडते, हा तिला आलेला अनुभव १९७३ च्या तिच्या निर्णयावरचेच भाष्य आहे.

पण आसनांचे काय झाले? नूतनीकरणात प्रेक्षकांची सोय वाढली, आसनांची संख्या मात्र सुमारे ४५,००० वरून ३३,००० वर आली. २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना येथे झाला, तेव्हा सर्वसामान्यांना विक्रीस ठेवलेली तिकिटे केवळ ४,००० च्या आसपास होती. बाकीची संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय संघटना आणि इतर हक्कदार यांच्यात वाटली गेली. असोसिएशन क्लबकडे ज्या न्यायाची मागणी करीत होती, तोच न्याय रांगेत उभा राहणारा कारकून आणि विद्यार्थी आता असोसिएशनकडे मागू लागला.

२०२४ साली ठाणे जिल्ह्यात आमणे येथे एक लाख प्रेक्षकांच्या स्टेडियमची कल्पना पुढे आली, तेव्हा हा इतिहास पुन्हा समयोचित ठरला. मोठ्या शहराला मोठे प्रेक्षागार लागते, हे खरे. पण चर्चगेटला लोकलने पोहोचणाऱ्या प्रेक्षकाचा जाण्यायेण्याचा वेळ आणि खर्चही नव्या स्टेडियमच्या अंदाजपत्रकात मांडला गेला पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोनशिला बसविण्यापूर्वी आसनांच्या वाटपाचा करार लेखी आणि जाहीर असला पाहिजे. किती आसने खुल्या विक्रीची, कोणत्या दराची, हे आधी ठरले नाही, तर एक लाखांचे स्टेडियमही सामान्य माणसाला अपुरेच पडेल.

आज वानखेडे स्टेडियममधील एका प्रेक्षादालनाला विजय मर्चंट यांचे नाव आहे. हयातीत जे दोघांना एका टेबलाशी बसून साधले नाही, ते मरणोत्तर एका छपराखाली साधले. तेवढा समजूतदारपणा वेळीच दाखविला गेला असता, तर शहराचे काय वाचले असते, याचा विचार नव्या स्टेडियमचे नकाशे पसरून बसलेल्यांनी अवश्य करावा.