कल्याणच्या आनंदीबाई आणि गोपाळराव: तेरा वर्षंही न भरलेला संसार

लग्नाचा वाढदिवस म्हटला की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. तुम्ही भेटलात कसे, आणि लग्नाला किती वर्षं झाली? ठाणे, मुंब्रा, कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांत याची उत्तरं वेगवेगळी मिळतात. कुणाची ओळख कॉलेजात झाली, कुणाची नोकरीच्या ठिकाणी, आणि बहुतेकांचा रिश्ता एखाद्या खालाने किंवा मामूने आणला. हेच दोन प्रश्न आम्ही दीडशे वर्षांपूर्वीच्या कल्याणच्या एका जोडप्याला लावून पाहिले. जोडपं प्रसिद्ध आहे. आनंदीबाई जोशी यांचं नाव शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनीच वाचलं आहे. पण त्यांच्या संसाराची गोष्ट आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. ते भेटलेच नाहीत, त्यांना भेटवण्यात आलं.

मुलीचं माहेरचं नाव यमुना. वडील गणपतराव जोशी, घराणं कल्याणचं. एके काळी चांगलं खातंपितं असलेलं हे घर तोवर बरंच उतरलं होतं. यमुनाचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. तेव्हाचं कल्याण म्हणजे खाडीकाठचं जुनं बंदर. १८५४ साली मुंबईची आगगाडी इथवर पोहोचली होती. काळा तलाव होता, त्याच्या काठची काळी मशीद होती. गाडीबरोबर नवी माणसं आली, सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या आल्या. गोपाळराव जोशी हे अशाच एका सरकारी नोकरीतले, पोस्टात कारकून. बायको वारलेली, वय यमुनापेक्षा सुमारे वीस वर्षांनी जास्त. १८७४ मध्ये लग्न झालं तेव्हा यमुना नऊ वर्षांची होती. सासरी तिचं नाव आनंदी ठेवलं.

आज हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. पण त्या काळी यात कुणाला वावगं वाटलं नाही. आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, महादेव गोविंद रानडे यांचं दुसरं लग्न झालं होतं. ते एकतीस वर्षांचे आणि रमाबाई अकरा वर्षांच्या. हे तर सुधारकाचं घर. कायद्याचं म्हणाल तर १८९१ पर्यंत संमतिवयाची मर्यादा फक्त दहा वर्षं होती, ती तेव्हा बारा झाली. मुलीच्या लग्नाला चौदा वर्षांची अट घालणारा शारदा कायदा थेट १९२९ साली आला आणि तो सगळ्या धर्मांना लागू होता. लहान वयात लग्न ही एकाच समाजाची गोष्ट नव्हती. आपल्या नानी-दादींच्या निकाहाची वयं घरात विचारून पाहा.

गोपाळरावांची एक गोष्ट मात्र जगावेगळी होती. मुलीला शिकवू द्यायचं, ही त्यांची लग्नाची अट होती असं चरित्रांत येतं. आपल्याकडे निकाहनाम्यात शर्त लिहिता येते. लग्नानंतर शिक्षण चालू ठेवण्याची शर्त आता काही मुलींचे वालिद घालतात, आणि ते चांगलंच करतात. इथे ती अट घालणारा होता नवरदेव, आणि बुचकळ्यात पडलेलं होतं मुलीचं माहेर.

मग शिकवणं सुरू झालं. बदलीच्या नोकरीमुळे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज, कलकत्ता असा प्रवास घडत गेला. मुंबईत आनंदी मिशनऱ्यांच्या शाळेत गेली. हातात पुस्तक, पायात बूट-मोजे अशी बाई रस्त्याने निघाली की लोक थांबून बघत, टोमणे मारत. आनंदी मराठी शिकली, इंग्रजी शिकली, थोडी संस्कृतही.

पण हे शिकवणं कसं होतं, तेही लपवून चालणार नाही. पुस्तक बाजूला ठेवून ती स्वयंपाकघरात रमली की गोपाळराव भडकत. पुढे अमेरिकेतून नवऱ्यालाच लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी या सगळ्याचा हिशेब मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाचे फटके, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, चौदाव्या वर्षी सोडून देण्याच्या धमक्या. त्याच पत्रात त्या त्यांचे उपकारही मानतात. हे दोन्ही एकाच माणसाबद्दल आहे, आणि दोन्ही खरं आहे.

सिनेमा-नाटकांतून हे जोडपं बघितलेल्यांना गोपाळराव विक्षिप्त पण मनाचे मोठे वाटतात. काही अभ्यासक त्यांना नुसता जुलमी नवरा ठरवतात. आमचं मत विचाराल तर त्यांच्याशिवाय आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या, हे मान्य करावंच लागेल. पण म्हणून फटका हा फटका राहत नाही, असं कुणी म्हणू नये. बायकोच्या भल्यासाठीच हात उचलला, हे वाक्य आपण आजही ऐकतोच की.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. नीट इलाज मिळाला असता तर बाळ वाचलं असतं, हे त्यांच्या मनात कायमचं बसलं. बायका परक्या पुरुष डॉक्टरला दाखवायला लाजत, घरचेही तयार होत नसत, आणि बाई डॉक्टर मिळायची कुठे? ही अडचण पडदा पाळणाऱ्या मुस्लिम घरांत होती तशीच ब्राह्मण वाड्यातही होती. मुंबईचं कामा हॉस्पिटल उघडलं १८८६ मध्ये. बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून निघालेला लेडी डफरिन फंड १८८५ चा. आनंदीबाईंनी डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं ते याच्या कितीतरी आधी.

गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनरीला पत्र लिहिलं. बायकोला अमेरिकेत शिकायचं आहे, मलाही तिकडे काही काम मिळेल का, असं विचारलं. तिकडून आलेल्या उत्तराचा रोख असा की ख्रिस्ती व्हा, मग मदत होईल. दोघांनीही नकार दिला. गोष्ट तिथेच संपायची. पण वाइल्डरने हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, आणि न्यू जर्सीच्या रोझेल गावातल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या असताना त्यांनी तो अंक चाळला. घरी जाऊन त्यांनी एका अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. त्या पत्रांतून असं नातं जमलं की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

जायचं ठरलं तेव्हा समाज खवळला. बाई एकटी समुद्र ओलांडणार, धर्म बुडणार. १८८३ च्या फेब्रुवारीत सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई उभ्या राहिल्या आणि आपण का जातोय ते इंग्रजीत सांगितलं. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्यांचा निर्धार होता. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट सुटली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. नवरा बरोबर नव्हता.

फिलाडेल्फियात बायकांसाठीचं मेडिकल कॉलेज होतं. आनंदीबाई तिथे साडीतच वावरल्या आणि शाकाहारीच राहिल्या. थंडीचा आणि अपुऱ्या खाण्याचा त्रास झाला. नऊवारी तिथल्या हवेत जमेना म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या, आणि हे नवऱ्याला पत्राने कळवत राहिल्या. परदेशात शिकायला गेलेल्या आपल्या मुलींच्या अम्मींना हे सगळं ओळखीचं वाटेल: काय खाते, काय घालते, कुठे राहते. फरक एवढाच की तेव्हा पत्राच्या उत्तराला महिने लागत. दोन वर्षांहून जास्त काळ या नवरा-बायकोचा संसार टपालातूनच चालला. तोही एका पोस्टातल्या माणसाचा! गोपाळरावांच्या पत्रांत काळजी असे, संशय असे, रागही असे. आनंदीबाई कधी समजावत, कधी ठणकावत. घरात मान वर न करणारी ती मुलगी कागदावर बरोबरीने बोलायला लागली होती.

त्याच कॉलेजातला १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. तीन विद्यार्थिनी, आपापल्या देशाच्या पोशाखात. साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी, आणि सीरियाहून आलेल्या सबात इस्लामबूली. मुलांना जरूर दाखवावा असा हा फोटो आहे.

गोपाळराव १८८५ मध्ये अमेरिकेत पोहोचले. तिथे त्यांनी भाषणं दिली आणि अमेरिकन लोकांनाच फैलावर घेतलं. ज्यांच्या घरात बायको राहत होती, शिकत होती, त्यांना अवघडल्यासारखं झालं. पण ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली तेव्हा ते तिथे होते. पंडिता रमाबाईही आल्या होत्या. आनंदीबाईंनी प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या जुन्या प्रसूतिशास्त्रावर. एकविसावा वाढदिवस यायला अजून वीस दिवस होते.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. पण छातीत क्षय घर करून बसला होता. १८८६ च्या अखेरीस दोघं मुंबईला उतरले ते आजारपण घेऊनच. कोल्हापूरच्या त्या खुर्चीवर आनंदीबाई बसल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचा इंतकाल झाला. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: तेरा वर्षांना थोडे कमी. त्यातली दोनेक वर्षं सात समुद्रांचं अंतर, आणि शेवटचं वर्ष दुखण्याचं. रानडे आणि रमाबाईंचा संसार सत्तावीस वर्षं चालला. त्यात रुसवे मिटायला, एकमेकांना ओळखायला वेळ मिळाला. आनंदी-गोपाळांच्या वाट्याला तो आला नाही. पत्रांत सुरू झालेलं बरोबरीचं बोलणं घरात कसं टिकलं असतं, हे पाहायचं राहूनच गेलं.

गोपाळरावांनी बायकोची रक्षा अमेरिकेला, कार्पेंटर मावशींकडे पाठवली. त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, आपल्या घरच्या माणसांसाठी राखलेल्या जागेत ठेवली. तिथे आजही दगड आहे. त्यावर नाव आहे, डॉक्टरकीची पदवी आहे, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री, अशी नोंद आहे.