तो नव्हे, हे गायतोंडे!

गायतोंडे हे आडनाव ऐकलं की तुमच्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ‘सेक्रेड गेम्स’मधला गणेश गायतोंडे उभा राहणार. साहजिक आहे. पण आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे ते गायतोंडे गोळ्या नाही, रंगाचे रोलर चालवायचे. वासुदेव संतू गायतोंडे. मित्रमंडळी त्यांना नुसतं ‘गाय’ म्हणायची. हो, तीच चार पायांची! या ‘गाय’ची चित्रं आज कोट्यवधी रुपयांना विकली जातात आणि त्यातलं एकही तुम्हाला सांगत नाही की ते कशाचं चित्र आहे.

कधी त्यांच्या चित्रासमोर उभे राहिलात तर काय होईल, ते आधीच सांगून ठेवतो. समोर जवळजवळ तुमच्या उंचीचा कॅनव्हास असेल. पिवळा, किंवा राखाडी, किंवा जुन्या तांब्यासारखा लालसर. त्या रंगाच्या आत कुठेतरी काही खुणा तरंगताना दिसतील. अक्षरं आहेत म्हणावं तर वाचता येत नाहीत, दगड म्हणावं तर वजन नाही. तुम्ही शीर्षक शोधायला पाटीकडे वळाल आणि तिथे असेल, ‘शीर्षकविरहित’. मग मनात येईल, अरे, हे तर मीपण केलं असतं! ही प्रतिक्रिया प्रामाणिक आहे, लाजायचं काही कारण नाही. फक्त तिचं उत्तर जरा लांब आहे. पन्नास वर्षं लांब.

गायतोंडेंचा जन्म २ नोव्हेंबर १९२४चा, नागपूरचा. घराणं मूळचं गोव्याचं. लहानपण आधी गोव्यात आणि मग मुंबईत गिरगावच्या चाळीत गेलं. वडील छापखान्यात नोकरीला. त्या काळातल्या मध्यमवर्गीय मराठी घरात चित्रकार व्हायचंय हे वाक्य कसं ऐकलं जात असेल, याची कल्पना तुम्हाला करता येईल. आजही अनेक घरांत ते तसंच ऐकलं जातं. मुलाने चित्रकार व्हावं हे घरात पसंत नव्हतं, पण मुलगा हटला नाही. त्याने जे. जे. स्कूल ऑफ आर्ट गाठलं आणि १९४८मध्ये तिथून डिप्लोमा घेतला.

आता इथे एक गैरसमज काढून टाकू. अमूर्त चित्रं काढणाऱ्याला हुबेहूब काढता येत नसतं, असं आपल्याला उगीचच वाटतं. गायतोंडे जे. जे.मधून बाहेर पडले ते रेखाटनावर पक्का हात बसवूनच. त्यांची सुरुवातीची चित्रं पाहिलीत तर त्यात माणसं आहेत, पक्षी आहेत, घरं आहेत, ठसठशीत रेघा आहेत. जैन पोथ्यांमधली चित्रं आणि बसोहलीची लघुचित्रं यांचा त्यांनी नीट अभ्यास केला होता. बसोहली म्हणजे जम्मूकडची, भडक पिवळ्या-लाल रंगांची चित्रशैली. हे शिकत असतानाच त्यांच्या बाबतीत एक गंमत झाली. चित्र बघता बघता त्यातली माणसं मागे पडू लागली. राधा कुठे आहे, कृष्ण काय करतोय याच्याऐवजी त्यांना दिसायला लागलं ते केवळ प्रमाण. इथे इतका पिवळा, त्याच्या शेजारी एवढासाच लाल, वर निळ्याची एक पट्टी. बस्स.

घरी करून बघा. एखाद्या लघुचित्राचा फोटो मोबाइलवर उघडा आणि डोळे बारीक करून बघत राहा. माणसं विरघळतात, रंग उरतात. आपण दहा सेकंद हे करून पुढे जातो. गायतोंडेंनी त्या उरलेल्या रंगांचं काय करायचं, याच्यामागे पुढचं सगळं आयुष्य लावलं.

अर्थात हे एका रात्रीत झालं नाही. पन्नासच्या दशकात त्यांच्यावर स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले याचा मोठा प्रभाव होता. क्लेची चित्रं मुलांनी खेळत खेळत काढल्यासारखी वाटतात, पण त्यांच्या आत संगीतासारखी शिस्त असते. गायतोंडेंच्या चित्रांतही मग त्रिकोण, चौकोन, उडत्या रेघा आल्या. माणूस अजून होता, पण चिन्हासारखा. हळूहळू तोही गेला. मग रेघही गेली. चित्रकाराने रेघ सोडणं म्हणजे काय, तर गायकाने शब्द सोडून नुसत्या आकारात गाण्यासारखं आहे. हाताशी असलेलं सर्वांत भरवशाचं हत्यारच खाली ठेवायचं.

याच काळात त्यांचे समकालीन एकामागून एक बाहेर चालले होते. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले सूझा १९४९मध्ये लंडनला गेले, रझा १९५०मध्ये पॅरिसला. गायतोंडेंनाही या ग्रुपने आपल्यात घेतलं होतं, पण ते मुंबईतच राहिले. घोषणा, जाहीरनामे यांत त्यांना फार रस नव्हता. १९५७मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा ते तेहतिशीत होते.

त्यांची काम करायची जागा मात्र भन्नाट होती. वॉर्डन रोडवरची भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट. एकाच इमारतीत एकीकडे रविशंकरांची सतार, दुसरीकडे अल्काझींच्या नाटकाच्या तालमी, शेजारच्या खोलीत कुणी हुसेन तर कुणी तैयब मेहता. आजच्या भाषेत को-वर्किंग स्पेस म्हणा, पण असे को-वर्कर कुणाला मिळणार? त्या सगळ्या गजबजाटात गायतोंडे आपल्या खोलीत शांतपणे काम करायचे आणि समोर समुद्र होता. साठच्या सुमाराची त्यांची आडवी चित्रं पाहिली की तो समुद्र जाणवतो. लाट नाही, होडी नाही, पण कुठेतरी एक क्षितिज असल्याचा भास होतो.

झेन विचार त्यांच्या आयुष्यात आला तो साधारण याच काळात. जे. कृष्णमूर्ती आणि रमण महर्षी यांचा विचारही त्यांना जवळचा वाटत होता. खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांकडेही त्यांचं जाणं होतं. हे महाराज म्हणजे विड्यांचं दुकान चालवलेला संसारी माणूस. त्यांच्या छोट्याशा खोलीत मी म्हणजे नेमकं काय, यावर मराठीत बोलणं चालायचं. गायतोंडेंच्या चित्रांतून माणूस गेला त्याचं कारण हे बोलणं होतं असं कुणी म्हणालं, तर मी मान डोलावणार नाही, चित्र इतकं सरळ गणित नसतं. पण शांत बसून बघत राहणं हेही काम असतं, ही खात्री त्यांना अशा ठिकाणी मिळाली असावी.

१९६३मध्ये मॉरिस ग्रेव्हज हे अमेरिकन चित्रकार मुंबईत आले. गायतोंडेंची चित्रं पाहून ते इतके भारावले की त्यांनी न्यूयॉर्कच्या एका गॅलरीला पत्र लिहून त्यांच्याबद्दल कळवलं. पुढच्याच वर्षी रॉकफेलर फेलोशिप मिळाली आणि गायतोंडे न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी मार्क रॉथको आणि इतर अमेरिकन अमूर्त चित्रकारांचं काम जवळून पाहिलं. इथून एक वाक्य त्यांना चिकटलं ते आजतागायत सुटलेलं नाही. भारताचा रॉथको!

हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. कौतुक करायलाही आपल्याला परदेशी मापच लागतं का? आणि तारखाच बघा ना. १९६१ सालची त्यांची चित्रं आज उपलब्ध आहेत आणि त्यांत ओळखीची एकही वस्तू उरलेली नाही. म्हणजे न्यूयॉर्कचं विमान पकडण्याच्या तीन वर्षं आधीच हा माणूस आपल्या पायांनी तिथे पोचला होता. न्यूयॉर्कने त्यांना बळ दिलं, मोठ्या कॅनव्हासचं धाडस दिलं, हे मान्य. वाट गिरगाव, जे. जे., बसोहली आणि वॉर्डन रोडवरूनच गेली होती.

दुसरं एक लेबल तर त्यांना स्वतःलाच मान्य नव्हतं, ते म्हणजे अमूर्त. त्यांचं म्हणणं असं की, अमूर्त म्हटलं की आधी काहीतरी मूर्त असायला हवं. डोंगर बघायचा, मग त्याचा तपशील काढत काढत त्रिकोण करायचा, हे झालं अमूर्तीकरण. ते सुरुवातच डोंगरापासून करत नव्हते. म्हणून आपल्या कामाला ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणायचे. वस्तूच नाही, मग वस्तूपासून दूर जाण्याचा प्रश्न येतो कुठे? शब्दांचा कीस काढल्यासारखं वाटेल, पण चित्रासमोर उभं राहिल्यावर या फरकाचा उपयोग होतो. हे काय आहे हा प्रश्न तुम्ही खिशात ठेवू शकता.

मग ते चित्र करायचे तरी कसं? ब्रश बाजूला पडून रोलर आणि पॅलेट नाइफ हातात आले होते. रोलरने रंगाचा पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, वर दुसरा द्यायचा, नाइफने खरवडायचा, की आतला थर डोकावतो. सत्तरच्या दशकापासून त्यात आणखी एक युक्ती आली. मासिकांचे, वर्तमानपत्रांचे कागद फाडून त्यांना रंग लावायचा, ते कॅनव्हासवर दाबायचे आणि उचलायचे. मागे राहतात त्याच त्या न वाचता येणाऱ्या खुणा. आज आपलं हे पान तुमच्याकडे रद्दीत जाईल, त्यांच्या हाती लागलं असतं तर कदाचित एखाद्या कॅनव्हासवर उमटलं असतं!

पण यातला खरा अवघड भाग हाताचा नव्हताच. कोऱ्या कॅनव्हाससमोर ते तासन् तास नुसते बसून राहायचे. काम आतून जुळून आल्याशिवाय रंगाला हात नाही. वर्षाला पाच-सहा चित्रं, फार फार तर. दर आठवड्याला काहीतरी पोस्ट केलंच पाहिजे अशा जगात तुम्ही-आम्ही राहतो. वर्षभरात सहा वेळाच बोलायचं आणि उरलेला वेळ गप्प राहायचं, ही कल्पनाच अस्वस्थ करते की नाही?

१९७१मध्ये पद्मश्री मिळाली. १९७२मध्ये त्यांनी मुंबई सोडली आणि दिल्लीला निजामुद्दीनमधल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, मुक्काम हलवला. लग्न केलं नाही. समारंभ टाळले, माणसं टाळली. घरच्यांशीही संबंध जवळजवळ तोडून टाकले. ही गोष्ट सांगताना लोक इथे ‘ऋषितुल्य’ वगैरे म्हणून पुढे सरकतात. मला तसं सरकता येत नाही. रेघ सोडली, आकार सोडले, ते चित्राच्या चौकटीतलं होतं. पण चौकटीबाहेर जी माणसं सुटली त्यांनी काय मागितलं होतं? त्यांच्या वाट्याला आलेली शांतता त्यांनी निवडलेली नव्हती. ती चित्रं याशिवाय झाली असती का, हे कुणालाच ठरवता येणार नाही. तुम्ही मात्र यावर कट्ट्यावर जरूर भांडा.

१९८४मध्ये त्यांना अपघात झाला. मानेला दुखापत झाली आणि मोठ्या कॅनव्हासवर हात फिरवणं अशक्य झालं. काही वर्षं मोठी चित्रं थांबली. त्या काळात त्यांनी छोट्या कागदांवर शाईने कामं केली. गंमत बघा, तीस वर्षांपूर्वी सोडलेली रेघ इथे परत आली! कुठल्याही लिपीत न बसणाऱ्या अक्षरांसारखी. पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी चित्रं काढणं थांबवलं. १० ऑगस्ट २००१ला ते गेले. त्या वेळी फारसा गाजावाजा झाला नाही.

गाजावाजा नंतर झाला. २०१३मध्ये मुंबईतल्या एका लिलावात त्यांचं चित्र २३ कोटींच्या वर गेलं. २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. २०२१मध्ये १९६१ सालचं एक चित्र जवळजवळ ४० कोटींना विकलं गेलं, म्हणजे न्यूयॉर्कला जाण्याआधीचं, वॉर्डन रोडच्या दिवसांतलं. यातला एक रुपयाही बरसातीत पोचला नाही, हे वेगळं सांगायला नको.

दिल्लीला गेलात तर नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांची चित्रं आहेत. मुंबईत टीआयएफआरच्या संग्रहातही आहेत, होमी भाभांच्या काळापासून संस्थेने चित्रं जमवली म्हणून. समोर उभं राहायचं झालं तर निदान पाच मिनिटं द्या आणि फोन काढू नका, फोटोत त्यातले थर येत नाहीत. समोरच्या बाजूला सही शोधू नका, सापडणार नाही. त्यांच्या कितीतरी चित्रांवर ती कॅनव्हासच्या पाठीमागे आहे, भिंतीकडे तोंड करून, इंग्रजीत आणि देवनागरीत.