विश्लेषण : घरी जोडलेल्या ॲम्प्लिफायरचा आवाज स्वच्छ का येतो? हॅरॉल्ड ब्लॅक यांचा शोध आणि खडकवासल्याचे दरवाजे

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून एक आयसी, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर आणि छोटा पॉवर सप्लाय आणला, की टेबलावर मावणारा ॲम्प्लिफायर घरीच जोडता येतो. आवाज मोठा करण्याचे काम आयसी करतो. तो स्वच्छ राहतो, त्यात मात्र दोन साध्या रेझिस्टरांचा मोठा वाटा असतो. या जोडणीमागचे तत्त्व हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकी अभियंत्याने शोधले.

कोण होते ब्लॅक?

जन्म १४ एप्रिल १८९८, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेमिन्स्टर गावी. १९२१ मध्ये वूस्टर पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची पदवी घेऊन ते वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये रुजू झाले. १९२५ मध्ये त्यांचा विभाग बेल लॅबोरेटरीजचा भाग झाला.

अडचण काय होती?

लांब पल्ल्याच्या तारेत आवाज क्षीण होतो. म्हणून टेलिफोन कंपन्या वाटेत ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर बसवत. पण व्हॅक्यूम ट्यूबचा प्रत्येक ॲम्प्लिफायर आवाजात थोडी विकृती मिसळे आणि पुढचा तीही मोठी करून पाठवे. एकाच तारेवरून अनेक संभाषणे न्यायची, तर एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळू लागे.

ब्लॅक यांनी १९२३ मध्ये एक तोडगा काढला. ॲम्प्लिफायरमधून आलेल्या आवाजातून मूळ आवाज वजा करायचा, उरलेली विकृती वेगळी मोठी करायची आणि शेवटी तीही वजा करायची. प्रयोगशाळेत हे जमले, पण मंडल सतत जुळवत बसावे लागे. रोजच्या वापरात ते परवडणारे नव्हते.

२ ऑगस्ट १९२७ ला काय घडले?

त्या सकाळी ते नेहमीप्रमाणे फेरीबोटीने हडसन नदी ओलांडून कामावर निघाले होते. वाटेत त्यांना उत्तर सुचले. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून आत परत पाठवायचा, म्हणजे ॲम्प्लिफायर स्वतःची चूक स्वतःच कमी करेल. हाताशी असलेल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरील कोऱ्या जागेत त्यांनी आकृती आणि समीकरणे लिहिली. याला ऋण प्रतिभरण, म्हणजेच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर झालेल्या चाचणीत विकृती एक लाख पटीने कमी झाल्याचे दिसले.

खडकवासल्याशी संबंध काय?

तत्त्वाचा. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ मध्ये खडकवासला धरणावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीवर गेले की ते आपोआप उघडत, पातळी उतरली की मिटत. पातळीतला बदलच दरवाजा हलवतो आणि दरवाजा तो बदल कमी करतो. ब्लॅक यांनी हेच पाण्याऐवजी विजेच्या सिग्नलबाबत केले.

पेटंटला नऊ वर्षे का लागली?

माईक स्पीकरसमोर नेला की शिट्टी वाजते. बाहेरचा आवाज आत गेला की ॲम्प्लिफायर बेभान होतो, असाच तेव्हाच्या अभियंत्यांचा अनुभव होता. शिवाय एवढ्या कष्टाने मिळवलेली आवाज वाढवण्याची क्षमता हा माणूस मुद्दाम घालवायला सांगत होता. १९२८ मध्ये अर्ज केला. ब्रिटिश पेटंट कार्यालयाने तर तो इंधनाविना अखंड चालणाऱ्या यंत्राच्या दाव्यासारखा हाताळला. १९३२ मध्ये सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी असे मंडल केव्हा स्थिर राहते याचा गणिती नियम दिला. १९३४ मध्ये ब्लॅक यांचा शोधनिबंध आला आणि अमेरिकी पेटंट अखेर २१ डिसेंबर १९३७ रोजी मिळाले. तोवर ब्लॅक चाळिशीला टेकले होते.

घरच्या ॲम्प्लिफायरमध्ये हे कुठे दिसते?

टीडीए २०३० हा छंदी मंडळींचा जुना आवडता आयसी. फीडबॅकशिवाय तो सिग्नल हजारो पट वाढवू शकतो, पण ती वाढ भरवशाची नसते. आउटपुटपासून उलट्या इनपुटपर्यंत २२ किलोओहमचा आणि तिथून पुढे कपॅसिटरमार्गे ग्राउंडकडे ६८० ओहमचा रेझिस्टर जोडला, की वाढ सुमारे ३३ पटीवर स्थिरावते. म्हणजे क्षमतेचा बराचसा भाग सोडून देऊन त्या बदल्यात स्वच्छता मिळवली. वाढ किती हे आता मुख्यतः या दोन रेझिस्टरांचे गुणोत्तर ठरवते.

याला मर्यादा नाही का?

आहे. पॉवर सप्लायच्या व्होल्टेजपलीकडे सिग्नल जाऊ शकत नाही. आवाज फार वाढवला की लहरींचे माथे कापले जातात आणि फीडबॅक तिथे हतबल होतो. धरणाचेही तसेच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून आलेल्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही.

ब्लॅक १९६३ मध्ये बेल लॅबमधून निवृत्त झाले आणि डिसेंबर १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची युक्ती आज जवळपास प्रत्येक ऑडिओ ॲम्प्लिफायरमध्ये आहे. घरी जोडणी करताना स्पीकर लावण्याआधी त्या दोन रेझिस्टरांचे सोल्डरिंग नीट तपासून घ्या. फीडबॅकची वाट तुटलेली असेल तर आयसी पूर्ण ताकदीने सुटतो आणि स्पीकर जळू शकतो.